उत्तरेच्या भिंतीतला साधू

किलबरना गावच्या पडक्या चर्चमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. इंग्रज शिपायांनी छप्पर जाळलं त्याला तीनशे वर्षं झाली. उरल्या होत्या नुसत्या भिंती आणि पूर्वेची उंच खिडकी. उत्तरेच्या भिंतीत जुना साधू पुरलाय आणि तो आपल्याशी बोलतो, असं सांगणारा कॉर्नेलियस टूमी तिथे हात पसरून त्या भिंतीला विचारत होता, "हे पवित्र साधू, ही उना बरी होईल का?"

आणि घसा खाकरून भिंत बोलली! "होईल! माझ्या भिंतीचा चुना दुधातून घे. सॅनेटोरियमची पायरी चढू नकोस!"

बायका धडाधड गुडघ्यांवर बसल्या. उनाची थोरली बहीण डेलिया तेवढी उभी राहिली. उनाला क्षय होता. वर्षभर वाट पाहून तिला सॅनेटोरियमात खाट मिळाली होती, आणि उद्याच निघायचं होतं.

"मी नाही जायची, ताई," उना खोकत म्हणाली. "साधूच सांगतायत."

"पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या साधूला सॅनेटोरियम कसं गं ठाऊक? आणि घसा का खाकरतोय तो, पाइप ओढणाऱ्यासारखा?"

"शंकेखोरांच्या घरी कितीही घुसळलं तरी लोणी निघत नाही, बाई!" टूमी पैसे घेऊन चुन्याच्या पुड्या वाटता वाटता गरजला. लोक हसले.

डेलिया भिंत न्याहाळू लागली. दगडांत चौकोनी भोकं होती. तिचे वडील गवंडी होते, त्यामुळे ती भोकं कसली हे तिला माहीत होतं. बांधताना परांचीचे वासे भिंतीत खोवायचे आणि काम संपलं की ओढून काढायचे. एखादं भोक आरपारही जायचं. पण पलीकडून ते कोण बघणार? उत्तरेला कुणी फिरकतच नसे. बाप्तिस्म्याआधी मेलेली बाळं तिथे पुरलेली. तिथल्या गवतावर पाय पडला की माणूस घरची वाट विसरतो, असं सगळे मानत.

डेलिया मात्र तिथे जायची, नऊ वर्षं, चोरून. तिचं पहिलं लेकरू तिथे होतं. गेल्या आठवड्यात तिथे बुटांनी तुडवलेलं गवत आणि भिंतीवरची नुकती कापलेली आयव्हीची वेल दिसली, तेव्हा तिला रडू आलं होतं. आता ते बूट तिथे कशाला आले हे तिला कळलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती तडक बाहेर पडली आणि वळसा घालून मागे गेली. तिथे एका खोक्यावर टूमीचा मेहुणा बसला होता, रॉकेलचं नरसाळं भोकात खुपसून.

"ऊठ तिथून! माझ्या बाळावर बसलायस तू!"

तो खोक्यासकट कोलमडला आणि पळत सुटला. डेलियाने वाकून भोकातल्या नरसाळ्याला तोंड लावलं.

"उना, मी डेलिया बोलतेय. भिंतीतून!"

आत किंकाळ्या उठल्या.

"घाबरू नका. हे परांचीचं भोक आहे आणि हे नरसाळं. माझं पोर इथे पुरलंय म्हणून मी येते, आज सगळ्यांसमोर सांगते. तुम्ही भिऊन येत नाही, म्हणून या लबाडाला ही जागा सापडली. या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा!"

बाकीचे दाराशीच थबकले. मग उना एकटीच आली, भिंतीला धरत, गवतावर जपून पाय टाकत. तिने नरसाळं काढून भोकातून आत पाहिलं. टूमी पुड्यांची पिशवी कोटाखाली लपवत होता.

"ताई, बाळ कुठे आहे?"

डेलियाने बोट दाखवलं. दोघी तिथे बसल्या. मागून एकेक करून माणसं येऊ लागली, आणि कुणीही वाट विसरलं नाही.

"चुन्याने भिंत उभी राहते गं," डेलिया म्हणाली. "फुप्फुसाला डॉक्टरच लागतो. उद्या सकाळची बस आहे."

"तू येशील ना सोबत?" उनाने विचारलं.