सोंडेचा सांधा

मागच्या वर्षी भारतभाऊंची जीप नाल्यात बंद पडली, तेव्हा त्यांनी दारव्ह्याच्या मिस्त्रीची चार बोटं बॉनेटखाली ठेवून बॉनेट सोडून दिलं होतं. त्या मिस्त्रीनं मग धंदा बदलला. मोबाइलची कव्हरं डाव्या हातानंही विकता येतात.

त्यामुळे शनिवारी दुपारी तीच जीप लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, आपल्या गॅरेजसमोर उभी राहिली, तेव्हा पंजाबराव मिस्त्रींनी आधी स्वतःचा उजवा हात पाहून घेतला.

काम सोंड बसवायचं होतं. सोंड म्हणजे इंजिनाला वरून हवा देणारा, छपरापर्यंत चढवलेला काळा पाइप. रविवारी दुपारी तीनला नाल्यात जीपगाड्यांची शर्यत होती आणि मारेगावचा एक गडी गेल्या वर्षी भाऊंच्या बंद जीपशेजारून हात हलवत गेला होता.

"पंजाबराव, आत एक थेंब गेला त तुमचा हात अन् हे बॉनेट," भाऊ म्हणाले. आवाजात राग नव्हता. गाडीत हवा भरून ठेवा म्हणावं, तसं म्हणाले.

"अन् मी मान हलवली का अमर सोडते."

अमर म्हणजे भाऊंचा सख्खा साळा. भाऊंनी मान हलवली की तो काहीही सोडत असे. बॉनेट, कुत्रं, स्वतःची नोकरी.

पंजाबरावांनी सांधा बुजवायच्या सीलंटच्या दोन नळ्या पुढे ठेवल्या. "हे पांढरं बाथरूमच्या टाइलीचं. तासात वाळते, पण पत्र्याले गंज आणते अन् प्लास्टिकवरून सालीसारखं निंघते. हे काळं काचा चिकटवाचं. गाडी पलटी झाली तरी काच सुटत नाही. पण चोवीस तास हात लावाचा नाही."

"हात कायले लावतो मी?" भाऊ म्हणाले.

पंजाबरावांनी काळं लावलं. बॉनेटखाली, बिजागरीजवळ सोंडेचा पाइप एअर फिल्टरच्या पाइपला जिथं भेटतो, त्या सांध्यावर गोल, जाड, सुबक वेढा दिला. आपलं काम पाहून त्यांना घटकाभर बरंही वाटलं.

संध्याकाळी भाऊ आले. भाऊ कापसाचे व्यापारी. ओलावा मोजायच्या मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता. गाडीतला कापूस चिमटीत दाबून ते ओलावा सांगत. वीस वर्षं त्यांचा अंगठा हेच करत आला होता. त्यांनी बॉनेट उघडलं आणि सवयीनं सांधा दाबला. अंगठा पेरभर आत गेला, बाकीची बोटंही काळ्यानं माखली.

"हे त ओलं आहे बे!"

आणि त्याच हातानं त्यांनी पंजाबरावांच्या गालावर ठेवून दिली. चष्मा उडून ऑइलच्या डब्यात पडला.

"भाऊ, तो खड्डा भरू द्या, नाही त पा—"

'पाणी' हा शब्द अमरच्या बुक्कीबरोबर परत पोटात गेला. पंजाबराव खाली बसले, तेव्हा अमरनं बूटही वापरला. मग जीप निघून गेली. "रातभर आमच्या अंगणात वाळन," भाऊ जाताना म्हणाले.

घरी नलूनं नवऱ्याचा गाल रॉकेलनं पुसला, पेट्रोलनं पुसला. पाच काळी बोटं जशीच्या तशी राहिली. माल खरंच चांगला होता.

रविवारी जीप नाल्याच्या मध्यावर गेली, खोकली आणि थांबली. शेजारून मारेगाववाला हात हलवत गेला.

पंजाबराव पळाले असते, पण अमर त्यांना सकाळीच घरून उचलून घेऊन आला होता. ट्रॅक्टरनं जीप काठावर ओढली. भाऊ कमरेपासून खाली चिखल, वरून घाम, असे उतरले. त्यांनी डाव्या हातानं पंजाबरावांचं मनगट पकडून बिजागरीजवळच्या खाचेत दाबलं. अमरनं बॉनेट वर धरलं आणि भाऊंच्या मानेवर नजर लावली. दोनशे माणसं गोल करून उभी राहिली. काहींनी मोबाइल काढले.

"भाऊ," पंजाबराव म्हणाले. "सांधा पाहा. मंग सोडा."

काळं आता दगडासारखं झालं होतं. त्यात पेरभर खड्डा होता. खड्ड्याच्या तळाला चीर होती आणि चिरेतून अजून पाणी ठिबकत होतं. गर्दीतल्यांनी खड्डा पाहिला, मग मिस्त्रींच्या गालावरची बोटं पाहिली, मग भाऊंचा काळा अंगठा.

"हे दाबलं कोनं?" मागून कुणीतरी विचारलं, आणि मारेगाववाला हसला.

"माहा नाही तो," असं म्हणत भाऊंनी उजवा अंगठा खड्ड्यात घालून पाहिला. तो चपखल बसला. भाऊंची मनगटावरची पकड ढिली झाली आणि खात्री करायला अंगठा बाहेर काढून त्याच्याकडे पाहताना त्यांनी मान जरा खाली घातली.

अमरला मान खाली जाताना दिसली. त्यानं बॉनेट सोडलं.

पंजाबरावांनी हात खेचला. करंगळीचं नख तेवढं आत राहिलं. भाऊंचा डावा हात सगळाच राहिला. आवाज सुकी तुऱ्हाटी मोडावी तसा आला. भाऊंची किंकाळी नाल्याच्या पलीकडे गेली आणि पलीकडची माणसं इकडे धावत आली.

अमरनं बॉनेट उचलायचा प्रयत्न केला, मग नुसतं रडायला लागला. पुढचं कुलूप बसलं होतं. ते उघडायची मूठ आत, स्टेअरिंगखाली होती, आणि चिखलात ती कुठं आहे हे ठाऊक असलेल्यांपैकी एक अडकला होता, एक रडत होता आणि एक पंजाबराव होते.

"पंजाबराव! बाप्पा! उघडा ना!" भाऊ ओरडले.

पंजाबरावांनी करंगळी रुमालात गुंडाळली. दार उघडलं. सीट ओली होती; ती त्यांनी आधी नीट पुसली, मग बसले.