वृद्धदिनाची भेट

किनुएने थडग्याच्या दगडावर बादलीभर पाणी ओतलं आणि ब्रश घेऊन ती सासूबाईंचं नाव घासू लागली. हिगानच्या आठवड्यात पितरांची थडगी धुवायची असतात. खाली शेताच्या बांधांवर त्या आठवड्याची लाल फुलं उमलली होती.

"कोपऱ्यात शेवाळ राहिलंय," मागून नणंद यासुको म्हणाली. नैवेद्याचा डबा तिने धरला होता. वाकायचं काम तिने कधीच केलं नव्हतं.

"काढते, वन्सं."

डब्यात किनुएने पहाटे केलेले ओहागी होते, गोड चवळीचा लेप दिलेले भाताचे लाडू. सासूबाई दर हिगानला त्यातला एक चाखायच्या आणि उरलेला कुत्र्याच्या थाळीत टाकायच्या. नवरा शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत राहायचा. आता त्या मायलेकांची राख या दगडाखालच्या एकाच कोनाड्यात होती आणि मधली जागा किनुएची होती. नवरा गेला तेव्हाच तिचंही नाव दगडावर कोरून लाल रंगवलं होतं. जिवंत माणसाचं नाव लाल असतं. माणूस आत गेलं की रंग खरवडून काढतात.

तिला त्या कोनाड्यात जायचं नव्हतं. जन्म मान खाली घालून काढला, मेल्यावर तरी सुटका हवी होती. गेल्या महिन्यात मैत्रिणीची राख समुद्रात सोडली तेव्हाच त्या नावाड्याला तिने स्वतःचंही सांगून ठेवलं होतं. आता मुलाचा होकार तेवढा हवा होता, म्हणून तर त्याला ओसाकाहून बोलावून घेतलं होतं.

"तात्सुओ, मला जरा बोलायचंय."

"आधी माझं ऐक, आई. परवा वृद्धदिनाला मला यायला जमलं नाही. तुझी भेट राहिलीय." त्याने पायऱ्यांकडे बघून हात केला. पाथरवट मोरिता रंगाचा डबा घेऊन वर आला. "तुझं नाव पार फिकं पडलंय. नवं करून देतो."

"बरं झालं," यासुको म्हणाली. "लोकांना वाटायचं, ही गेलीच. आईशेजारची जागा आहे, नशीब लागतं त्याला."

"मग तुम्हीच घ्या, वन्सं."

"मी कशी घेऊ? मी दुसऱ्या घरची. ही जागा सुनेची."

तात्सुओ कौतुकाने दगडाकडे बघत होता. बापासारखंच, त्याला आईच्या तोंडाकडे बघायचं सुचलं नाही. किनुएला त्याचा राग आला आणि कीवही आली.

"पातळच लावतो, वहिनी," मोरिता गुडघ्यांवर बसत म्हणाला. "पुढे खरवडायला सोपं जाईल."

"जाड लावा. खरवडावा लागणार नाही."

यासुको हसली. "ऐकलंस का रे? हिला मरायचंच नाहीये."

"मरायचंय, वन्सं," किनुए म्हणाली. "इथे यायचं नाही."

तात्सुओने आता आईकडे पाहिलं. मोरिताचा ब्रश अर्ध्या अक्षरावर थांबला.

"पुरं करा ते," किनुए त्याला म्हणाली. "मुलाने भेट दिलीय."