चोवीस जोड्या

खोटं बोलणारा माणूस मला परवडतो, कारण त्याला पकडता येतं. एकही आकडा न बदलता फसवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याला मी बारा वर्षं 'सर' म्हणत आले.

सर आमच्या तपासणी संस्थेचे प्रमुख. कारखान्यांतली हवा, आवाज, कामगारांची तब्येत मोजायची आणि आकड्यांवरून काही सिद्ध होतं का ते सांगायचं, हे आमचं काम. कुठल्या आकड्यांना हिशेबाची कुठली चाचणी लावायची, ते मला शिकवलं त्यांनीच. मी सारखं 'पण कशावरून?' विचारते म्हणून ते मला शंकेखोर म्हणायचे. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी भांडले असते. सरांनी म्हटलं की बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं.

गेल्या वर्षी खिळ्यांच्या कारखान्याचं काम आलं. तिथे नवीन वेगवान यंत्रं बसणार होती. कामगार म्हणत होते, या आवाजानं आमचे कान जातील. मालक म्हणाले, जातात का ते मोजा. मग लेखी ठरलं: वर्षभरानं ऐकणं बिघडल्याचं सिद्ध झालं, तर यंत्रं थांबवून त्यांच्याभोवती आवाज अडवणाऱ्या पेट्या बसवायच्या, नाही झालं, तर आहेत तशी चालवायची. माझा सख्खा दादा त्याच यंत्रांवर होता. सर म्हणाले, "मोजमाप तू कर, पण आकड्यांची चाचणी मी करतो. भावासाठी केलं असं उद्या कुणी म्हणायला नको." केवढं कौतुक वाटलं मला! घरी जाऊन वहिनीला सांगितलं सुद्धा, की माणूस असावा तर असा.

एकशे ऐंशी कामगारांतून चिठ्ठ्या टाकून चोवीस जण निवडले. त्यात दादाचीही चिठ्ठी निघाली. "निघाली ती निघाली, बदलायची नाही," सर म्हणाले. बंद खोलीत एकेकाला कानाला हेडफोन लावून बसवायचं, बारीक आवाज सोडायचा, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. किती आवाजाला ऐकू येतं तो आकडा मी रजिस्टरात त्या कामगाराच्या क्रमांकासमोर लिहायची. आकडा जितका मोठा, तितका कान कमजोर. तोच आकडा एका चिठ्ठीवर लिहून त्या माणसाला द्यायची, त्याच्या कानांवर त्याचाही हक्क आहे म्हणून.

वर्षानं पुन्हा तेच चोवीस जण, तीच खोली. दादाचा आकडा चोवीसवरून पस्तिसावर गेला होता. बटण दाबायच्या आधी तो माझ्या तोंडाकडे बघायचा, कधी आवाज सोडते ते चेहऱ्यावरून कळतंय का म्हणून. मी दुसरीकडे बघायला लागले. चोविसातल्या बावीस जणांचं ऐकणं घटलं होतं. हिशेब करायच्या आधीच मला उत्तर माहीत होतं. रजिस्टर मी सरांच्या टेबलावर ठेवलं. आमच्याकडे कामगारांच्या तब्येतीची नक्कल ठेवायची नाही असा नियम आहे, आणि मी तो डोळ्यांत तेल घालून पाळला.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: फरक सिद्ध होत नाही. खाली दोन नावं, सरांचं आणि माझं.

मी आधी स्वतःलाच वेडी ठरवलं. मग तक्ता बघितला. कामगारांचे क्रमांक गायब. पहिल्या वर्षीचे चोवीस आकडे एका रांगेत, लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेले. दुसऱ्या वर्षीचे दुसऱ्या रांगेत, तसेच. सरासरी सत्तावीसवरून तेहतीस. पण चाचणी लावली होती ती दोन वेगवेगळ्या गटांची, जणू या वर्षी कुणी भलतेच चोवीस जण येऊन बसले होते.

यात काय बिघडतं, ते सरांनीच मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. गल्लीतल्या पोरांची उंची मोजा. एक पोर टेबलाएवढं, दुसरं दाराएवढं. वर्षानं पुन्हा मोजा. कुणाची उंची कुठली हे विसरून दोन ढीग केले, तर लहान-मोठ्या पोरांच्या गर्दीत दोन बोटांची वाढ दिसतच नाही. पण प्रत्येक पोराला त्याच्याच जुन्या खुणेशी लावून बघा, म्हणजे कळतं की सगळी वाढली आहेत. "माणूस तोच असेल तर जोडी तोडायची नाही," असं म्हणून त्यांनी टेबलावर हात आपटला होता. आणि आता त्यांनीच चोवीसच्या चोवीस जोड्या तोडल्या होत्या. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

मी दार न वाजवता आत गेले.

"सर, जोड्या का तोडल्या?"

"बस आधी."

"नाही बसत. क्रमांक का काढले?"

"कामगारांची ओळख उघड होऊ नये म्हणून. नियम आहे."

"नावं काढायचा नियम आहे. क्रमांक नव्हे."

त्यांनी चष्मा पुसला. "एक तरी आकडा खोटा आहे का त्यात?"

"नाही."

"मी लावलेली चाचणी पुस्तकात नाही का?"

"आहे. पण या आकड्यांसाठी नाही! तुमची चाचणी म्हणते, काहीच बिघडलं नसलं तरी एवढा फरक शंभरात चौदा वेळा दिसेल. आपली मर्यादा पाचाची, म्हणून सिद्ध झालं नाही. जोडीनं बघितलं तर हजारात एकदा सुद्धा दिसणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"शंकेखोर," ते हसून म्हणाले, "पुढच्या महिन्यात मी इथून निवृत्त होतोय. त्या कारखान्यात सल्लागार म्हणून जातोय. तिथे बसून हळूहळू पेट्या बसवून घेईन. सगळं एका दिवसात होत नसतं."

मला आयुष्यात इतकं अपमानित कधी वाटलं नव्हतं. त्यांनी नोकरी धरली याचा राग होताच. पण माझ्याच हाताचे खरे आकडे, माझंच नाव आणि मला त्यांनीच शिकवलेली विद्या घेऊन या माणसानं केसानं गळा कापला होता.

"रजिस्टर द्या."

"ते अहवालाबरोबर मालकांकडे गेलं. आता परत मिळायचं नाही."

मी बाहेर आले, आणि जिन्यात एकदम आठवलं: चिठ्ठ्या! प्रत्येकाकडे त्याच्या दोन चिठ्ठ्या आहेत. चोवीस घरं फिरायची, जोड्या पुन्हा लावायच्या आणि अहवाल खोडून काढायचा. मी तडक दादाकडे गेले.

दादा पायरीवर बसून बूट पुसत होता. वहिनी आत होती. मी त्याच्या समोर उभी राहिले.

"दादा, तुझ्या कानाच्या चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"काय?"

"चिठ्ठ्या! कानाच्या!"

"हां, त्या!" त्याचा चेहरा उजळला. "दिल्या की. मागच्या आठवड्यात तुझे सर स्वतः गेटवर आले होते. पडताळणीला हव्यात म्हणाले. माझ्याबरोबर चहा घेतला त्यांनी, एवढा मोठा माणूस! मी दोन दिवसांत चोवीसही जणांच्या गोळा करून दिल्या. दोघं-तिघं कुरकुरत होते. मी म्हटलं, अरे, माझी बहीण बारा वर्षं बघतेय त्यांना, देवमाणूस आहे."

देवमाणूस हा शब्द माझाच. याच पायरीवर मीच कितीदा म्हटला होता.

आता नव्यानं काय मोजणार? आजचा कान उद्याही मोजता येईल. वर्षापूर्वीचा कान कुठून आणायचा?

"काय झालं गं?" दादानं विचारलं.

"फसवलं त्यांनी," मी म्हणाले.

"काय?"

"सरांनी फसवलं आपल्याला."

त्यानं तळहात कानामागे धरला. "जरा मोठ्यानं बोल."

वहिनी दारात आली. समोरच्या घरात दोघं जण जेवत होते, त्यांनी माना वळवल्या. माझा आवाज फाटत होता तरी मी ओरडले, "फसवलं, दादा! आणि खाली माझं नाव आहे!"

या वेळी त्याला ऐकू आलं. त्यानं बूट खाली ठेवला. मग अगदी हळू, स्वतःलाही ऐकू गेलं नसेल अशा आवाजात, म्हणाला, "म्हणजे त्या सगळ्यांना आता मी सांगायचं?"