पाठीला कापड नसलेला सोफा

शेवटच्या भागात मामा माझ्यावरून पडले नाहीत. दारातून आले आणि शांतपणे बसले. मित्रांनो, हे तुम्ही वाचलेलं नाही. टीव्हीवर तसं काही घडलेलंच नाही, त्यामुळे आपण पहिल्यापासून सुरुवात करू.

मी एक जुना, तीन माणसं ऐसपैस बसतील असा सोफा आहे. माझा रंग मोरपंखी होता. आता त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. माझा जन्म एका विनोदी मालिकेच्या सेटवर, तीन भिंतींच्या घरात झाला. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरा होता. सुतारकाकांनी मला दोन दिवसांत उभं केलं. पुढून मखमल, आत मऊ स्पंज, हातांना गोंडे. पाठीमागे मात्र नुसतं प्लायवूड आणि वर एक आडवी फळी. "मागचं कॅमेऱ्यात दिसत नाही," असं म्हणून उरलेल्या मखमलीचं त्यांनी स्वतःच्या स्कूटरच्या सीटला कव्हर शिवलं. ती स्कूटर माझ्यापेक्षा सुखात जगली.

आता गंमत पाहा. तुमच्या घरात सोफा भिंतीला टेकलेला असतो. माझं तोंड कॅमेऱ्याकडे हवं, आणि घराचं दार त्याच कॅमेऱ्याच्या समोरच्या भिंतीत. म्हणजे दार उघडलं की पहिली भेट सोफ्याच्या पाठीशी. असं घर फक्त टीव्हीवरच असू शकतं. खऱ्या माणसांनी आठवड्याभरात एक तर सोफा हलवला असता, नाहीतर घर सोडलं असतं.

पहिल्या भागाच्या शूटिंगला मामा आले. खऱ्या आयुष्यात ते कुणाचेच मामा नव्हते. त्यांना बहीणच नव्हती. मालिकेत ते बहिणीकडे दोन दिवस राहायला आलेले आणि अकरा वर्षं न गेलेले मामा होते. त्याआधी ते नाटकांत गंभीर भूमिका करायचे. एका नाटकात म्हणे ते मरताना लोक स्फुंदून रडत. हे त्यांनीच सांगितलेलं, त्यामुळे थोडं कमी करून घ्या.

दारात उभं राहून हात जोडायचे आणि "आलो बरं का!" म्हणायचं, एवढंच त्यांचं काम होतं. पण हात जोडताना त्यांनी डोळे मिटले, दोन पावलं जास्त टाकली आणि माझ्या फळीवर आपटून पलीकडे गेले. डोकं माझ्या गादीत, पाय छताकडे. तशा अवस्थेत त्यांनी वाक्य म्हटलं, कारण नाटकवाले वाक्य सोडत नाहीत.

दिग्दर्शक इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्या क्षणी कुणालाही सोफा दोन फूट पुढे सरकवता आला असता. ते कुणाला सुचलं नाही. सुचलं ते हे, की मामांनी दर भागात पडायचं.

मग काय विचारता! घराघरांत "आलो बरं का" होऊ लागलं. शाळांमध्ये पोरं बाकांवरून पडू लागली. मामांना बक्षिसं मिळाली, मला 'सोफ्यावर बसू नये' अशी चिठ्ठी मिळाली. शूटिंगमध्ये बसायचा मान फक्त मालिकेतल्या कुटुंबाला. मामा पडले की त्या कुटुंबातले दाजी लगेच त्यांना उठवून स्टुलावर बसवायचे. तो दुसरा विनोद होता.

हसणारी माणसं सेटवर नव्हती. काचेच्या खोलीत बसलेले आवाजवाले भाऊ बटण दाबत आणि टेपवरची चाळीस माणसं एकदम हसत. ती माणसं कुठली, केव्हाची, कशावर हसलेली, देव जाणे.

माणसाचं वय केसांवरून कळत नाही, ते फळीला कळतं. सुरुवातीला मामा चेंडूसारखे जायचे. पाचव्या वर्षी ते आधी हात टेकू लागले. नवव्या वर्षापासून दार उघडण्याआधी पलीकडून एक लांब श्वास ऐकू यायचा. "मागे जरा स्पंज लावा की," असं ते दर वर्षी सांगायचे. "मामा, दिसत नाही ना पण," असं उत्तर दर वर्षी यायचं.

शेवटी मालिका बंद व्हायची ठरली. सहाशे अकरा भाग झाले होते, एकच उरला होता. त्या सकाळी मामा माझ्या फळीवर कोपरं टेकून उभे होते. मेकअपदादा त्यांच्या कपाळावर पावडर थापत होते.

"डॉक्टरांकडे गेला होतात ना? काय म्हणाले?"

"एक्स-रे दिव्यासमोर धरला, बघितला, मग माझ्याकडे वळले आणि हसले."

"हसले?"

"मग म्हणाले, माफ करा, तोंड बघितलं की सवयीनं हसू येतं. दोन मणके गेलेत. आता एकदा जरी पडलात तरी पायावर उभं राहाल याची खात्री नाही म्हणाले."

"अहो, मग दिग्दर्शकसाहेबांना सांगा!"

"सांगितलं. म्हणाले, शेवटचंच तर आहे. आणि पुढे काठी लागली तर काठी घेऊन कार्यक्रम करा, जास्त हसतील."

तेवढ्यात मामी आल्या, म्हणजे मामांची खरी बायको. त्यांनी घरची जाड उशी आणली होती आणि ती सुतळीनं माझ्या पाठीला करकचून बांधली. अकरा वर्षांत माझ्या पाठीला लागलेलं ते पहिलं कापड. मला फार बरं वाटलं. साधारण चार मिनिटं.

मग कंटिन्युइटीच्या ताई आल्या. मागच्या भागातली प्रत्येक वस्तू पुढच्या भागात तशीच आहे ना, हे वहीत पाहणं हे त्यांचं काम. "ही उशी मागच्या भागात नव्हती," म्हणत त्यांनी सुतळी कापली.

"अगं बाई, पण ती दिसत नाही ना कॅमेऱ्यात!" मामी म्हणाल्या.

"दिसत नाही, वहिनी. पण नोंद नाही."

मामी दिग्दर्शकांकडे वळल्या. "दादा, तुमच्या घरी सोफा असाच ठेवलाय का हो?"

"आमच्याकडे सोफा नाही. मुलं पडतात म्हणून काढून टाकला."

मामींनी उशी छातीशी धरली आणि त्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

दार उघडलं. त्याआधी तो लांब श्वास. एक पाऊल, दोन पावलं. मी फळी घट्ट धरून बसलो. तिसरं पाऊल डावीकडे पडलं. मामा मला वळसा घालून पुढे आले आणि बसले. सरळ. डोकं वर, पाय खाली.

आवाजवाल्या भाऊंनी सवयीनं बटण दाबलं होतं. एक माणूस बसला यावर चाळीस माणसं नऊ सेकंद हसली. ती थांबल्यावर मामा हळूच म्हणाले, "आलो बरं का." कामावरून घरी आल्यावर म्हणतात तसं.

"कट! छान, मामा. आता एकदा पडून घेऊ."

"नाही हो. आज बसलो." त्यांनी माझ्या गादीवरून हात फिरवला. "मऊ आहे की हा! अकरा वर्षं मला फक्त फळीच माहीत."

मामी आल्या आणि दोघं चालत गेले. स्वतःच्या पायांनी, हे महत्त्वाचं.

टीव्हीवर मात्र मामा पडले. दोनशे आठव्या भागातलं जुनं पडणं तिथे चिकटवलं गेलं. दारातून पांढऱ्या केसांचे मामा येतात, हवेत त्यांचे केस काळे होतात आणि साधा शर्ट चौकड्यांचा होतो. एकाही प्रेक्षकानं तक्रार केली नाही. ताईंना ते दिसलं. त्यांनी वहीत फक्त लिहिलं: 'भाग ६१२. प्रवेश. मामा बसले. सोफ्यात बदल नाही.' घडलेल्या गोष्टीचा तेवढाच पुरावा.

आता मी गोदामात आहे. मला भिंतीला लावून ठेवलंय, पण तोंड भिंतीकडे. त्यामुळे सगळ्यांना दिसतं ते प्लायवूडच. मित्रांनो, घरात येताना एकदा मागच्या बाजूनंही पाहत जा, सोफ्याच्याही आणि माणसाच्याही. बाकी मी थकलोय. एक अर्ज तेवढा द्यायचा आहे.

प्रति,
मा. व्यवस्थापक, वापरात नसलेल्या वस्तू विभाग

विषय : पाठीस स्पंज व कापड बसवून मिळणेबाबत.

महोदय, सदर बाजू कॅमेऱ्यात दिसत नाही व आता कॅमेराही नाही, याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. तथापि मामा कधी भेटीस आल्यास सवयीने मागूनच येण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी उपरोक्त काम तातडीने व्हावे. कापडाचा नमुना सुतारकाकांच्या स्कूटरवर उपलब्ध आहे. मंजुरी मिळेपर्यंत मामांनी कृपया डावीकडून यावे, असे त्यांना कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.