अहोंचा कचरा

जावयानं त्याचा जुना कम्प्युटर सासूला दिला. सासऱ्याला काय दिलं? सल्ला. "बाबा, मागची खोली आता रिकामी करा." म्हणजे पोरगीही मीच दिली आणि तोट्यातही मीच. नळवाल्याचं नशीब, दुसरं काय.

मागच्या खोलीत माझा माल आहे. जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केले. जुन्या तोट्या, पाइपांचे तुकडे, वाकडे एल्बो, पाणी अडवायचे वॉल, बिनझाकणाची एक अख्खी फ्लशची टाकी. बायको त्याला भंगार म्हणते. मी म्हणतो, असू दे, लागेल. आता घरात उजेडाची खिडकी एकच, ती नेमकी त्या खोलीत, आणि तिच्यापुढं माझे पाइप उभे. बायको लोकांचे कपडे शिवते. तिचं मशीन पुढच्या खोलीत, जिथं भर दुपारी दिवा लागतो. डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत. परवा सुई कापडातून जायची ती बोटातून गेली. म्हणून बाईंना खिडकी पाहिजे. मी नाही म्हणालो का? मी म्हणालो, "बघू." बघू म्हणजे नाही, हा अर्थ तिनं लावला. बरोबर लावला, पण लावला तिनं.

तर त्या कम्प्युटरात एक खेळ निघाला. कुठलासा उजाड ग्रह, त्यावर काचेचा घुमट, घुमटात वस्ती. बाहेरची हवा विषारी. माणसं आपण नेमायची, नावं आपण ठेवायची. मग त्यांनी राबायचं आणि आपण खुर्चीत बसून बोंबलायचं. बायकोला शिकवायला लागलंच नाही. लग्नापासूनचा सराव.

तिनं सगळं खानदान भरती केलं. तिचा भाऊ मुकादम. अर्थातच. माझी बहीण संडास धुवायला. तेही अर्थातच. एक गडी कचऱ्याची गाडी ढकलत होता.

"हा कोण बिचारा?" मी विचारलं.

"तुम्ही."

डोक्यावर नाव लिहिलेलं, 'अहो'.

"अगं, हे काय नाव झालं?"

"मग काय लिहू? आजवर कधी नावानं हाक मारलीय तुम्हाला?"

शेजारच्या भाजीच्या वाफ्यात एक बाई खुरपत होती. तिच्या डोक्यावर 'अगं'. म्हटलं, चला, संसार इथंही आहेच.

त्या खेळात प्रत्येक माणूस स्वतःचा स्वभाव घेऊन येतो. कुणी रागीट, कुणी आळशी. अहोंचा स्वभाव काय, तर टाकवत नाही. वस्तीभरचा कचरा आणून कोठीत रचायचा आणि भट्टीत मात्र घालायचा नाही. भट्टी त्यांच्याच ताब्यात.

"हा स्वभाव तू दिलास," मी म्हणालो.

"मी कशाला देऊ? सोबतच घेऊन आलेत."

कोठी भरली. मग कचरा गल्लीत आला. मग दवाखान्याच्या दारात. मग माझी बहीण घसरून पडली, तेव्हा बायको जरा जास्तच हळहळली. सगळ्यांचे चेहरे लाल, खोकून खोकून बेजार. एकटे अहो हसरे. पलंगाखाली गंजके पत्रे घेऊन पालथे झोपलेले.

पडद्यावर पाटी आली. परक्या भाषेतली, पण बायको वाचून दाखवते. "लोक म्हणतात, एक तर कचरा जाळायचा हुकूम द्या, नाहीतर अहोंना बाहेर काढा. बोला, काय करू?"

"असू दे की. ठेवतोय तर काही कारण असेल. लागेल."

"बरं," ती म्हणाली, आणि बटण दाबून मला घुमटाबाहेर काढलं. चहात साखर टाकावी इतक्या सहज.

तोंडावर मास्क, पुढ्यात कचऱ्याची गाडी, मागं बंद दार. पण आपला गडी हरणाऱ्यातला नव्हे. त्यानं त्याच कचऱ्याचं खोपटं उभं केलं.

"बघ!" मी म्हणालो. "लागलं की नाही? आत तोटीसुद्धा बसवली असेल."

"पाणी कुठाय बाहेर?"

"तोटी तर असेल."

तेवढ्यात दार उघडलं. अगं ताट घेऊन बाहेर आली. खोपट्यापर्यंत गेली, ताट ठेवलं, परत फिरली. डोक्यावरची जिवाची हिरवी पट्टी निम्मी झालेली.

"कशाला पाठवलंस तिला?"

"मी नाही पाठवलं. आपली आपण जाते. जोडी आहे ना त्यांची, खेळच तसा आहे."

"आणि मास्क?"

"मास्क आहेत की ढीगभर. कोठीत. तुमच्या कचऱ्याखाली."

दुसऱ्या ताटाला अगंची पट्टी लाल झाली. चालताना बाई भेलकांडत होती.

"अडव तिला!"

बायकोनं अडवलं. अगं थांबली, वळली, आणि परत निघाली. ताट तसंच धरलेलं. माउसवरच्या बायकोच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. ती सुईची.

"अगं, त्याला आत घे ना! मरेल ती!"

"भट्टी पेटल्याशिवाय लोक दार उघडत नाहीत त्यांना."

"मग पेटव की!"

"तुम्हीच पेटवा. ते लाल बटण."

मी जाम झालेले वॉल एका हिसक्यात उघडणारा माणूस. ते बटण काय, वाटाण्याएवढं. पण हात अडला. मग दाबलं. भक्कन धूर निघाला. कोठी रिकामी, गल्ली मोकळी. अहो आत आले, तोंड एवढंसं करून. अगं बाकावर टेकली. पट्टीत हिरवं हळूहळू चढायला लागलं.

"आणि मागची खोली?" बायको म्हणाली.

"आपण खेळाचं बोलतोय ना?"

"मी कुठं काय म्हणतेय? बघू."

हे 'बघू' माझं होतं. माझंच मला परत मिळालं, वापरून गुळगुळीत झालेलं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला हाक मारली. फ्लशच्या टाकीला त्यानं लाथ मारून बघितली. मेल्या, तुझ्या आजाला मारशील का अशी? पण गेलं सगळं. खिडकी पुसली, मशीन तिथं सरकवलं, कम्प्युटर शेजारी. जावयाला कळवायची घाई बायकोनं केली, मी नाही.

सकाळी उन्हात बसून ती दोरा ओवत होती. पहिल्याच फटक्यात ओवला. शेजारी वस्ती आपली चाललेली. एकदम पडदा पिवळा झाला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

तिनं वाचलं. मग म्हणाली, "पाण्याचा पंप बिघडलाय. जुना वॉल पाहिजे म्हणे. जाळला आपण."

मी तिच्यासमोर आलो. नुसता उभा राहिलो, दिसेल असा.

"हसू नका," ती म्हणाली आणि कापड सुईखाली सरकवलं. "राहू देत तहानलेले. माझी बाही व्हायचीय."

मशीन सुरू झालं. मी खिशात हात घातला. एक पितळी तोटी तेवढी भंगारवाल्याच्या नजरेतून सुटली होती. लहानशीच आहे. असू दे.