दुसरा दाखला

अख्ख्या कोळीवाड्याचे अर्ज लिहून देणाऱ्या सदाला स्वतःचा अर्ज काही केल्या लिहिता येईना.

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात मॅट्रिक झालेला तो एकटाच. कोर्टाची नोटीस येवो की कस्टमाचा कागद, लोक त्याच्या दारात हजर. दुसऱ्याचं गाऱ्हाणं तो एका बैठकीत कागदावर उतरवायचा. आणि आता तोच शहाणा तीन दिवस पडवीत टाक चावत बसला होता.

जाहिरात मुंबईच्या वर्तमानपत्रात आली होती. फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या हापिसात उमेदवार पाहिजे. वर्षभर काम शिकायचं, मग कारकुनी. अर्ज इंग्रजीत, स्वतःच्या हाताने लिहिलेला, सोबत दोन प्रतिष्ठित गृहस्थांचे दाखले, आणि सगळं शनिवारच्या आत पोचलं पाहिजे. मंगळवार उजाडला होता. टपाल नेणारी आगबोट गुरुवारी सकाळी सुटायची. ती चुकली की पावसाळा संपल्यावर मामाच्या होडीवर जायचं, हे घरात ठरलेलंच होतं. होडी वाईट नव्हती, पण सदाला कोर्टाच्या कागदांचं वेड लागलं होतं.

पहिला मसुदा त्याने हेडमास्तरांना दाखवला. त्यात तो इतका दीन, इतका अनाथ आणि इतका चरणरज होता की मास्तर वाचता वाचता हसले.

"अरे, तुझा बाप गेला त्याचं त्यांना काय? ते अनाथाश्रम चालवत नाहीत. तुला काय येतं ते लिही. काय केलंस ते लिही."

काय केलं होतं? तेच लिहायला हात धजत नव्हता. केलेलं एकच मोठं काम होतं, आणि त्या कामाने भागोजी तांडेलाचा दावा बुडाला होता.

गेल्या वर्षी पहाटेच्या अंधारात एक मालाचा मचवा भागोजीच्या जाळ्यांवरून गेला आणि जाळ्यांच्या चिंध्या झाल्या. मचवा कुणाचा, हे भागोजीला आतून पक्कं ठाऊक होतं. पण वकिलासाठी जबान्या लिहिताना सदाने भागोजीच्या होडीवरच्या सातही खलाशांना वेगवेगळं बसवून विचारलं. सातही जणांनी पाहिला होता फक्त एक कंदील. सदाने कंदीलच लिहिला. 'मचवा ओळखला असं लिव,' म्हणून भागोजीने त्याला धमकावलं, तरी त्याने लिहिलं नाही. दावा फेटाळला गेला, आणि त्या दिवसापासून भागोजी त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

सदाने शेवटी मन घट्ट करून अर्जात हेच लिहिलं. सात माणसं, सात जबान्या, पाहिलं तेवढंच. मास्तरांनी वाचलं, मान हलवली आणि तिथल्या तिथे पहिला दाखला लिहून दिला.

दुसऱ्यासाठी बुधवारी सकाळी तो दिनानाथरावांकडे गेला. पेन्शनर अव्वल कारकून, मोठी सुपारीची वाडी, गावात शब्दाला वजन. रावांनी त्याला दुपारपर्यंत ओट्याखाली उभं ठेवलं आणि मग शांतपणे सांगितलं, "मी तुला ओळखत नाही. ओळख नसता दाखला देणं म्हणजे खोटी साक्ष. ज्याने तुझं काम पाहिलंय त्याच्याकडे जा."

सदाला राग यायला हवा होता. आला नाही, कारण राव बोलले ते खरंच होतं. काम पाहिलेला माणूस गावात एकच होता. त्याच्याकडे जायचं म्हणजे आपल्या पायाने मार खायला जायचं.

भागोजी खाडीच्या काठी जाळं शिवत बसला होता. सदा समोर जाऊन उभा राहिला. कसंबसं सगळं सांगून झालं. भागोजीने वर पाहिलंसुद्धा नाही. सुई तेवढी चालत राहिली.

"बस," शेवटी तो म्हणाला. "मी सांगतो तसं लिव. येक अक्षर इकडचं तिकडं न्हाय."

आणि त्याने सांगितलं: "या पोरापायी माजा दावा बुडाला. म्या धमकी दिली, तरी यानं खोटं लिवलं न्हाय. मना त्याचा राग हाय. पन माजा कागद म्या दुसऱ्या कुनाकडं देनार न्हाय."

सदाने अक्षरन् अक्षर उतरवलं. डोळे भरून आले, त्याची त्याला लाज वाटली. खाली भागोजीने सही म्हणून आपली निशाणी काढली, एक वाकडंतिकडं वल्हं. रिवाजाप्रमाणे लिहिणाऱ्याचं नाव घालणं आलंच. दाखला अर्जदाराच्याच अक्षरात, हे मुंबईत कसं दिसेल ते सदाला कळत होतं. नाव गाळावं, डाव्या हाताने लिहावं, नाही नाही ते मनात येऊन गेलं. पण त्याने नाव घातलं, त्याच्याखाली इंग्रजी तर्जुमा जोडला आणि गुरुवारी पाकीट आगबोटीवर चढवलं.

मग दहा दिवस त्याच्या जिवाला थारा नव्हता. आईने वाढलेला भात तसाच राहायचा. टपालवाला दिसला की तो घरात पळायचा, आणि टपालवाला गेला की त्याच्या मागे धावायचा.

अकराव्या दिवशी पत्र आलं. त्याच्या मागोमाग भागोजीही दारात आला. बातमी पसरायला कोळीवाड्यात वेळ लागत नाही.

"वाच."

सदाने मनात वाचलं आणि त्याचे कान तापले. पत्र इंग्रजीत होतं. मराठीत सांगताना चार शब्द गाळले तर कुणाला कळणार होतं? जागा भरली, एवढंच म्हटलं की झालं. भागोजी आतुर होऊन बघत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मुंबईच्या साहेबाने आपली निशाणी पाहिली, याचाच त्याला अभिमान होता.

"जसं हाय तसं," भागोजी म्हणाला.

सदाने वाचलं. "अर्ज बरा आहे. पण दुसरा दाखला एका अशिक्षित मच्छीमाराचा असून अर्जदाराच्याच हस्ताक्षरात आहे. तो प्रतिष्ठित गृहस्थाचा धरता येत नाही. सबब अर्ज नामंजूर."

आई आत भांडं घासत होती, ती थांबली. भागोजीचा चेहरा उतरला. एवढा आडदांड माणूस, पण क्षणभर कुणी भर बाजारात त्याचं मुंडासं उडवावं तसा उभा राहिला. सदाला वाटलं, आपण खोटं वाचायला हवं होतं. आयुष्यात एकदा तरी.

"अर्ज बरा हाय म्हनतो ना?" भागोजीने विचारलं.

"हो, काका."

"फोर्टात हापिस येकच हाय का?"

"नाही. पुष्कळ आहेत."

"मंग दुसऱ्याला लिव. या डावाला दाखला लिवायला मास्तरांना आन. आनि निशाणी माजी येकट्याची नको. त्या सात जनांची घे. वाड्यात ज्याचा ज्याचा कागद तू लिवलास, त्या समद्यांची घे."

"काका," सदा म्हणाला, "चाळीस निशाण्या घेतल्या तरी त्यांच्या लेखी ते प्रतिष्ठित गृहस्थ होणार नाहीत."

"न्हाय झाले तर न्हाय," भागोजी म्हणाला. "पन चाळीस जनांना नामंजूर करताना त्याला चाळीस डाव खाली निशाणीकडं बगावं तर लागंल. जा, मास्तरांना बोलाव."

सदाने डोळे पुसले, चपला पायात सरकवल्या आणि तो शाळेच्या वाटेला लागला.