वर्षाचं तेल

तेलाचं झाकण फिरवून काढलं, तर आतल्या बाजूला दुधावरच्या सायीसारखा पांढरट चिकटा धरलेला. तेलकाकांनी तो बोटावर घेतला, अंगठ्याने चोळून पाहिला आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईंना विचारलं, "ताई, गाडी फार जवळच्या जवळ फिरते का?"

"घर ते हॉस्पिटल. दहा मिनिटांचा रस्ता, दिवसातून दोनदा," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"इंजिन तापायच्या आतच बंद होतं. मग आतला ओलावा बाहेर पडत नाही, तेलात मिसळत राहतो. शेवटचं तेल कधी बदललं?"

बाईंना सांगता येईना. त्यांनी गाडीकडे पाहिलं. आत पुढच्या सीटवर त्यांचे यजमान बसले होते. सीट मागे रेललेली, मांडीवर शाल आणि मान खिडकीकडे कललेली. साठीचे असतील, पण आजारपणाने वयाचा हिशेब पार बिघडवून टाकला होता.

"हे सगळं तेच बघायचे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला नुसती चालवता येते. आज सकाळी हॉस्पिटलातून निघालो आणि समोर तो तेलाच्या चित्राचा लाल दिवा लागला. घाबरून तशीच इकडे आणली. त्यांना खाली उतरवावं लागेल का?"

"नाही लागणार. गाडी खड्ड्यावर घेतो, मी खाली उतरून काम करतो. बसू द्या त्यांना."

तेलकाका त्या सर्व्हिस सेंटरमध्ये सत्तावीस वर्षं होते आणि सत्तावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. जुनं तेल काढायचं, नवं भरायचं. त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघे फोरमन झाले, एकाने स्वतःचं गॅरेज टाकलं. काका खड्ड्यातच राहिले. सोबतचे मेकॅनिक म्हणायचे, काकांना कापलं तर रक्त येणार नाही, तेल येईल, आणि डॉक्टरला रक्तगटाऐवजी तेलाची ग्रेड विचारावी लागेल. काका हसायचे. त्यांना त्या खड्ड्याचा कंटाळा आला नव्हता, असं नाही. पण गाडीच्या पोटातून निघालेलं तेल पाहून तिचा मालक कसा आहे हे सांगता यायचं, आणि एवढं आपल्याला येतं हे त्यांना पुरेसं होतं.

मॅनेजरचं मात्र त्यांच्याशी एका बाबतीत पटत नसे. त्याचा हुकूम होता की येईल त्याला सिंथेटिक तेल सुचवायचं. ते वर्षभर चालतं, साधं सहा महिन्यांत बदलावं लागतं. नव्या गाडीला सिंथेटिकच लागत असेल तर काका वाद घालत नसत. पण दहा-बारा वर्षांची, गावातल्या गावात फिरणारी गाडी आली की ते सरळ सांगत, "साधं पुरेल. तेल कुठलं यापेक्षा वेळेवर बदललं का, ते महत्त्वाचं. भारीतलं घालून विसरणाऱ्यापेक्षा साधं घालून लक्ष ठेवणारा शहाणा."

कुठलं तेल घालावं, असं बाईंनी विचारल्यावर त्यांनी तेच सांगितलं.

"सहा महिने चालेल ना?" बाईंनी विचारलं.

"आरामात."

"मग साधंच घाला. सहा महिने पुष्कळ झाले." त्यांनी पर्सचा बंद उगाच बोटाभोवती गुंडाळला. "डॉक्टरांनी तीन सांगितलेत."

साधं नको, असं म्हणावंसं तेलकाकांना वाटलं, पण साधं पुरेल हे त्यांनीच नुकतं सांगितलेलं. बोललेला शब्द गिळायचा कसा?

नऊ वर्षांपूर्वी त्यांची बायको अशीच आजारी होती. तिच्या चष्म्याचा नंबर बदलला होता. "पेपरातली अक्षरं पळतात हो," ती म्हणाली होती, "एकदा नवा चष्मा करून आणू." त्याच दुपारी डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन दोन महिन्यांचं सांगितलं होतं. काका तिला "बघू" म्हणाले, आणि चष्मा राहिलाच. डॉक्टरांचा अंदाज चुकला. बायको अकरा महिने जगली. आधी पेपर लांब धरून वाचायची, मग नुसते मथळे, आणि नंतर तिने पेपर मागणंच सोडलं. "वाचून दाखवू का?" काका विचारत. "राहू दे," ती म्हणे. चष्म्याचा विषय तिने परत काढला नाही. का आणला नाही हे तिला कळलं होतं, की ती विसरली होती, हे विचारायची काकांना हिंमत झाली नाही. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

बाई कागदावर सही करायला काउंटरकडे गेल्या. काका पायऱ्या उतरून खड्ड्यात शिरले. बोल्ट सैल केला, खाली डबा सरकवला. काळं तेल धार धरून पडू लागलं.

"खाली कोण आहे?" वरून आवाज आला.

"मी, साहेब. तेल काढतोय. तुम्ही हलू नका."

"हलायचं म्हटलं तरी हलणार कुठे?" वरचा माणूस हसला आणि हसल्यामुळे त्याला खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाला, "मीही खड्ड्यातलाच माणूस. लिफ्ट दुरुस्त करायचो, चौतीस वर्षं. लिफ्टच्या तळाशी असाच खड्डा असतो. खालच्याला वरचं सगळं ऐकू येतं आणि वरच्यांना वाटतं, खाली कोणी नाहीच."

"आमचंही तसंच आहे."

"फार काळं झालंय?"

"काळं झालंय, आणि निम्म्यावर आलंय."

"आजारी पडलो आणि राहून गेलं. आता कुठलं घालताय?"

"साधं. ताई म्हणाल्या तसं."

खाली धार बारीक होत होत थेंबांवर आली.

"वर्षभर चालतं ते असतं ना तुमच्याकडे?"

"आहे, साहेब. पण साधं पुरेल असं मीच त्यांना म्हणालो. त्यांची काही चूक नाही त्यात."

"बरोबरच सांगितलंत. तुमच्या जागी मीही तेच सांगितलं असतं." त्यांनी श्वास घेतला. "पण भाऊ, ऐका. साधं घातलं की सहा महिन्यांनी परत यायला हवं. तेव्हा मी नसेन. आणि मी गेल्यावर सुरुवातीला तिला स्वतःच्या जेवणाची शुद्ध राहायची नाही, तेलाची कुठून राहणार? गाडी भर रस्त्यात बंद पडेल, ती एकटी उभी राहील आणि चिडायला समोर मीही नसेन. वर्षाचं घाला. वर्षात माणूस जरा सावरतो."

काकांनी बोल्ट परत बसवला. पान्याने घट्ट आवळला.

"घालतो," ते म्हणाले.

"आणि हे तिला सांगू नका. काहीतरी दुसरं सांगा."

दुसरं काय सांगायचं ते काकांना सुचत नव्हतं. हात पुसत ते काउंटरपाशी आले आणि एवढंच म्हणाले, "ताई, साहेब सिंथेटिक घाला म्हणतायत. वर्षाचं."

"ते स्वतः म्हणाले?"

"स्वतः म्हणाले."

बाईंनी वळून गाडीकडे पाहिलं. मग काकांकडे. त्यांचा चेहरा बघता बघता सैल झाला.

"चार महिन्यांत त्यांनी पुढच्या आठवड्याची गोष्ट काढलेली नाही हो," त्या म्हणाल्या. "परवा विचारलं, नवीन चपला आणू का, तर गप्प बसले. आणि आज वर्षाचं म्हणाले."

खरं सांगायला मनाई होती. खोटं सांगायची गरजच उरली नाही. बाईंनी ते आपलं आपणच रचलं होतं. "फिल्टरही बदलतो," असं पुटपुटून काका माघारी वळले.

गाडी गेटातून बाहेर पडली तेव्हा बाई चालवता चालवता हात हलवून काहीतरी सांगत होत्या, आणि शेजारचं डोकं होकारार्थी हलत होतं.

वर्ष भरायला थोडे दिवस बाकी असताना ती गाडी परत आली. बाई एकट्या होत्या. केस जास्त पांढरे झालेले, पण गाडी त्यांनी एका दमात नीट खड्ड्यावर घेतली.

"ते गेले," त्या म्हणाल्या. "इथून गेलो, त्यानंतर अकरा आठवड्यांनी."

तेलकाकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"ते अकरा आठवडे मी त्यांच्याशी फार बोलले. थंडी सरली की माझ्या बहिणीकडे जाऊ, मागच्या खोलीला रंग देऊ, असलं काहीबाही. ते सगळ्याला हो म्हणायचे. गेले त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा हो म्हणाले. नंतर मला राग आला त्यांचा. वाटलं, वर्षाचं तेल घालून मला भुलवलं." त्या थांबल्या. "त्या दिवशी ते तुमच्याशी नक्की काय बोलले?"

सांगू नका म्हणणारा माणूस आता नव्हता, आणि विचारणारी समोर उभी होती. काकांनी एकदा मॅनेजरच्या केबिनकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. मग त्यांनी जसंच्या तसं सगळं सांगितलं. लिफ्टच्या खड्ड्याचं, सहा महिन्यांचं, जेवणाच्या शुद्धीचं. काही गाळलं नाही, काही पदरचं घातलं नाही.

बाई भिंतीकडेच्या बाकावर बसल्या. "'चिडायला समोर मीही नसेन', असं म्हणाले?"

"असंच म्हणाले."

शेजारच्या खड्ड्यावर कुणीतरी गाडी सुरू केली, बंद केली, परत सुरू केली.

"एकदाही बंद पडली नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "वर्षभरात एकदाही नाही."

"या वेळी कुठलं घालू, ताई?" काकांनी विचारलं.

"साधं," त्या उठत म्हणाल्या. "सहा महिन्यांनी येईन मी. आणि तेल मोजायचं कसं ते मला दाखवा."

नवं तेल भरून झाल्यावर इंजिन दोन मिनिटं चालवून काकांनी बंद केलं. तेल खाली उतरू दिलं. मग त्यांनी बाईंना तेल मोजायची पट्टी दाखवली, एकदा काढून, पुसून, परत घालून. "आता तुम्ही," म्हणून ते बाजूला झाले. बाईंनी पट्टी ओढून काढली, फडक्याने स्वच्छ पुसली, पुन्हा आत सारून बाहेर घेतली, आणि उजेडाकडे वळून, ताप किती आहे ते पाहावं तशी, डोळे बारीक करून पाहत राहिल्या.

"दोन्ही खुणांच्या मध्ये आहे," त्या म्हणाल्या.

"बस. मध्ये असलं म्हणजे झालं."

तरी त्यांनी पट्टी पुसली आणि आणखी एकदा पाहिलं.